एका कनेक्शनला मेमरी किती?

हर्षालीचा डबा उघडला की आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं खुर्च्या सरकवत तिच्या टेबलाशी यायची. माझा डबा मी स्क्रीनकडे बघत खायचे. नोकरीतल्या सात वर्षांबद्दल लिहा, असं या दिवाळी अंकाच्या संपादक काकूंनी सांगितलं, आणि लिहायला बसल्यावर पहिलं आठवलं ते हेच.

मी ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये डेटाबेस सांभाळायचं काम करते. तुम्ही रक्त तपासायला दिलंत, गॅसचा नंबर लावलात, कॉलेजात फॉर्म भरलात, की ती माहिती कुठेतरी नीट रचून ठेवावी लागते आणि मागितली की क्षणात काढून द्यावी लागते. ते जिथे होतं तो डेटाबेस. तो स्वतः काही बोलत नाही. बिघडला की माणसं बोलतात, आणि ती फोनवर बोलतात. मला फोनची भीती वाटते. या नोकरीत हे मोठंच व्यंग आहे.

सुरुवातीच्या दिवसांत तळोज्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन यायचा. सर्व्हरची मेमरी भरलीय असं आम्ही कळवलं, तर मालक म्हणाले, "मग जुन्या ट्रकांचे फोटो उडवू का?" मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं की फोटो डिस्कवर असतात, मेमरी वेगळी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे उडवू ना?" शेजारून हर्षालीने फोन घेतला. "काका, डिस्क म्हणजे तुमचा माळा. मेमरी म्हणजे ओटा. ओट्यावर गर्दी झाली म्हणून माळा साफ करून काय उपयोग? आधी बघूया ओट्यावर कोण काय पसरून बसलंय." काकांना कळलं. माझ्याही डोक्यात ते तेव्हा पहिल्यांदा इतकं स्वच्छ बसलं, आणि त्याचा मला रागच आला.

पुढे मी ही ओट्याची उपमा बऱ्याच ठिकाणी वापरली. कुणाची आहे ते कधी सांगितलं नाही.

हर्षाली आणि मी एकाच आठवड्यात रुजू झालो. ती शिरवण्याची, नवी मुंबई उभी राहण्याआधीच्या मूळ गावातली. आजी अजूनही मासळी विकायला बसते, वडील कारखान्यात होते. ती मराठी शाळेत शिकली. मी वाशीच्या कॉन्व्हेंटमध्ये. आमचे मोहिते सर मूळचे साताऱ्याचे, माणूस सरळ. त्यांनी माझं इंग्रजी ऐकलं आणि मला ग्राहकांशी बोलायला बसवलं. पहिल्याच कॉलवर मी तीनदा 'येस' म्हटलं आणि नंतर माझा आवाज बंद झाला. चौथ्या मिनिटाला हर्षालीने माइक आपल्याकडे ओढला. "सर, सर्व्हर इज टेकिंग टू मच टेन्शन," ती म्हणाली. पलीकडची चार माणसं हसली, आणि त्या दिवसापासून ती माणसं तिची झाली.

तिचे मेल मात्र पाठवण्याआधी माझ्याकडे यायचे. "तन्वी, जरा बघ ना गं, तुझी कॉन्व्हेंटची इस्त्री मार." मी क्रियापदं दुरुस्त करायचे, वाक्यं सरळ करायचे. माझं इंग्रजी तिच्या नावाने ग्राहकांपर्यंत पोहोचायचं आणि ग्राहक तिला लिहायचे, किती स्पष्ट लिहिता तुम्ही.

एकदा ती आमच्या खारघरच्या घरी आली होती. माझे बाबा माझ्या मैत्रिणींना दोन प्रश्न विचारतात, कुठे राहता आणि वडील काय करतात, मग पेपर उघडतात. त्या दिवशी पेपर उघडलाच नाही. शिरवण्याच्या जुन्या मिठागरांपासून खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांपर्यंत तासभर गप्पा झाल्या. ती गेल्यावर बाबा दार लावताना म्हणाले, "किती मोकळं बोलते मुलगी. तू का गं अशी?" ते सहज म्हणाले होते. मी कपबशा विसळत होते. एक बशी फुटली.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की पुढे जे झालं ते लाजण्यातून झालं असं माझ्या ऑफिसात सगळ्यांना वाटतं. लाजऱ्या माणसाची ही एक सोय असते. ते गप्प बसलं तर कुणाला संशय येत नाही.

आता आमच्या कामातली एक शिस्त सांगायला हवी. आम्ही काहीही मोजलं, मेमरी असो की वेग, तर त्या कागदाची पहिली ओळ म्हणजे वार, तारीख आणि वेळ. मोहिते सर म्हणायचे, "वेळ न घातलेला आकडा म्हणजे पारावरची बातमी." माणसं विसरतात म्हणून हर्षालीने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. मोजणी त्याच्यातूनच करायची. तो वर आपोआप वेळ टाकायचा, खाली मोजणाऱ्याचं नाव टाकायचा, आणि ती फाइल सगळ्यांना उघडता येईल अशा एका फोल्डरमध्ये ठेवायचा. मोजलेलं कुणी पुसायचं नाही, हाही नियम. आम्ही सगळे तो वापरायचो. मीही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे रक्ततपासणीच्या लॅबवाल्यांचं काम होतं. त्यांची मुख्य लॅब खारघरला, आणि नवी मुंबईभर रक्त गोळा करणारी पंचवीसएक केंद्रं. मालक डॉ. देवस्थळी, सत्तरीचे, अजून रोज सकाळी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावणारे. आमच्यासारख्यांना ते 'मुलींनो' म्हणत आणि आकड्याशिवाय दुसरं काही ऐकत नसत. एका बुधवारी सकाळी त्यांचा डेटाबेस मेमरी संपून ठप्प झाला. बंद न करताच तासाभराने सुटला, पण डॉक्टर बिथरले. त्यांना आणखी केंद्रं उघडायची होती. नवं मशीन घ्यायचं की आहे त्यावर भागेल, हे त्यांना ठरवायचं होतं.

"मला भाषण नको मुलींनो," ते म्हणाले. "माझ्या प्रत्येक काउंटरवरून तुमच्या डेटाबेसला कनेक्शन जातं. एका कनेक्शनला मेमरी किती लागते? एक आकडा द्या. उद्या अकरा वाजता."

प्रश्न साधा वाटतो. साधा नाही, आणि तो का नाही ते मला सांगू द्या, कारण माझ्या धंद्यात मला मनापासून आवडणारी ही एकच गोष्ट आहे.

त्यांच्या सर्व्हरमध्ये मेमरी चौसष्ट जीबी. त्यातली सोळा जीबी डेटाबेसने एक मोठा सामायिक कट्टा म्हणून बाजूला काढलेली. वारंवार लागणारी माहिती त्या कट्ट्यावर पडून असते आणि सगळी कनेक्शनं ती तिथूनच वापरतात. शिवाय प्रत्येक कनेक्शनला स्वतःची थोडी खासगी जागा लागते. आता तुम्ही मशीनला विचारलंत की या कनेक्शनकडे किती मेमरी आहे, तर ते जो पटकन दिसणारा आकडा देतं त्यात खासगी जागा असते आणि त्या कनेक्शनने हात लावलेला सामायिक कट्टाही असतो. एकाचं बघाल तर आकडा खोटा नाही. पण तीनशे कनेक्शनांचे असे आकडे धरून गणित केलं, की तोच कट्टा तीनशे वेळा मोजला जातो.

गुरुवारी सकाळी मी लवकर पोहोचले होते. पटकन दिसणारा आकडा बघितला. सरासरी चारशे एमबी. हजार एमबीचा एक जीबी, म्हणजे तीनशे कनेक्शनांचे एकशे वीस जीबी. मशीनमध्ये चौसष्ट. चौसष्टच्या भांड्यात एकशे वीस मावत नाहीत, आणि मशीन तर चालू होतं. म्हणून मी प्रत्येक कनेक्शनचा आतला तपशील काढला. एकट्याची जागा किती, वाटून घेतलेली किती. मशीन हे सगळं लिहून ठेवतं, फक्त ते मागावं लागतं. साध्या कनेक्शनला खासगी जागा बारा एमबी निघाली. बारा! तीनशे कनेक्शनं मिळून चार जीबीसुद्धा नाही. आणि मग खरे चोर दिसले. रिपोर्ट छापणाऱ्या प्रोग्रामने अकरा कनेक्शनं कित्येक आठवडे बंदच केली नव्हती. ती फुगत फुगत एकेक जण जवळजवळ तीन जीबी धरून बसली होती. ओटा त्या अकरा जणांनी अडवला होता.

मी खुर्चीत मागे टेकले. इतकं बरं मला फार क्वचित वाटतं. मग वाटलं, हे आता सांगावं लागणार. आणि सांगितलं की ते हर्षाली डॉक्टरांना सांगणार, तिच्या पद्धतीने, आणि ते तिचं होणार.

त्याच महिन्यात लॅबच्या कामाचा लीड, म्हणजे प्रमुख, ठरायचा होता. आमच्या दोघींपैकी एक. सगळ्यांनी हर्षालीच धरली होती, मीसुद्धा.

अकराला कॉल सुरू झाला. मोहिते सर, हर्षाली आणि मी एका बाजूला, डॉक्टर खारघरहून.

"बोला. किती?"

"सर, चारशे एमबी," हर्षाली म्हणाली. तिने पटकन दिसणारा आकडा धरला होता. "चौसष्टमधून सामायिक सोळा गेले, मशीनचे स्वतःचे आठ गेले. उरले चाळीस. म्हणजे शंभर कनेक्शन. तुमच्याकडे तीनशे होतायत, म्हणून पडतोय."

"पण मग रोजच का पडत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळी एकदम तेवढी घेत नाहीत ना सर. ज्या दिवशी घेतात त्या दिवशी पडतो."

पटण्यासारखं होतं. मोहिते सरांनी मान हलवली. हर्षालीने माइक बंद केला आणि माझ्याकडे वळली.

"तन्वी, तू सकाळी काही मोजलंस का गं? मला हा आकडा जरा जड वाटतोय."

"नाही," मी म्हटलं.

एरवी मला कुणी वेळ विचारली तरी उत्तर घशातून वर यायला क्षण लागतो. हे 'नाही' किती सहज आलं!

"बरं," ती म्हणाली, माइक सुरू केला, आणि नवं मशीन येईपर्यंत एका वेळी शंभरच कनेक्शनं आत घ्यायची, बाकीच्यांनी थांबायचं, अशी मर्यादा ठरली. रविवारी लॅब बंद असते, तेव्हा बदल करायचा.

शुक्रवारी मी दोनदा तिला मेसेज लिहायला घेतला. पहिल्यांदा 'ऐक ना' इतकं लिहिलं आणि पुसलं. दुसऱ्यांदा पूर्ण लिहिलं, अगदी आकड्यांसकट. तेवढ्यात ती मोहिते सरांच्या केबिनमधून हसत बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर थापटून म्हणाली, "सरांनी जवळजवळ हो म्हटलंय. झालं की तुला पार्टी." तोही मेसेज मी पुसला. मी स्वतःला सांगितलं की कदाचित शंभरात भागेल. भागणार नाही हे मला माहीत होतं. पंचवीस केंद्रं, प्रत्येकी चारएक काउंटर, एकेका काउंटरची तीन कनेक्शनं. हे गणित तोंडी होतं.

सोमवारी सकाळी साडेसातला मोहिते सरांचा फोन. "तन्वी, तू खारघरलाच राहतेस ना? लॅबवर जा. हर्षाली मघाशीच निघालीय. काय राव, कुणाला आतच घेत नाहीये तो डेटाबेस."

लॅब घरापासून दहा मिनिटांवर. आत शिरले तर खुर्च्या भरलेल्या, भिंतीला टेकून माणसं उभी. सगळी उपाशी, कारण सकाळचं रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. चारपैकी एकाच काउंटरवर काम चालू होतं. बाकी तिन्ही स्क्रीनवर एकच मेसेज, कनेक्शन शिल्लक नाही. सगळ्या केंद्रांवर हीच गत होती. पहिली शंभर कनेक्शनं आत गेली आणि दार बंद झालं होतं.

दाराजवळ एक आजोबा मांडीवर थर्मास घेऊन बसले होते. शेजारी त्यांची बायको.

"बाळा, तू कंपनीतून आलीस का?" त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून विचारलं. "अजून किती? हिला शुगर आहे. रक्त दिलं की लगेच चहा-बिस्किट द्यायचं म्हणून घेऊन आलोय. दीड तास झाला."

"बघते," मी म्हटलं.

हर्षाली माझ्या आधी पोहोचली होती. ती काउंटरच्या आत उभी राहून रक्ताच्या नळ्यांच्या चिठ्ठ्या हाताने लिहीत होती. नाव, वय, मोबाइल. "पुढे कोण? आजी, तुमी बसा, मी येते तुमच्याकडे. काका, ढकलू नका ना, रक्तच द्यायचंय, तिकीट नाय काढायचंय." दोघंतिघं हसले. त्या गर्दीतही लोक हसले. आणि मला तेव्हाही, त्या तशा वेळीही, पहिलं वाटलं ते हेच की हिला हे जमतं कसं.

डॉक्टर आतून आले. पांढऱ्या कोटात, लाल चेहऱ्याने.

"मर्यादा वाढवा. आत्ता."

"सर, वाढवली तर सगळं मशीनच पडेल," हर्षाली म्हणाली. चिठ्ठ्या लिहिणं तिने थांबवलं नव्हतं. "निम्मं तरी चालू राहू दे. नाहीतर आत आहेत तेही बाहेर पडतील. चूक असेल तर माझी आहे सर, पण आत्ता..."

तेवढ्यात मागे थर्मास फरशीवर पडल्याचा आवाज झाला. आजोबांची बायको खुर्चीतून एका बाजूला कलली होती, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. एक नर्स साखरेचं पाणी घेऊन धावली. दोन मिनिटांत त्या सावरल्या. पण साखर पोटात गेली म्हणजे आजची तपासणी गेली. उद्या पुन्हा उपाशी राहायचं, पुन्हा यायचं. आजोबा रागावले नाहीत. ते गुडघ्यावर बसून सांडलेला चहा रुमालाने पुसत राहिले.

मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"हर्षाली, चारशे नाही," मी म्हटलं. "बारा."

"काय बारा?"

"एका कनेक्शनला. बारा एमबी. बाकीचा सामायिक कट्टा आहे. तो प्रत्येकात पुन्हा पुन्हा आलाय."

ती माझ्या स्क्रीनकडे बघत राहिली. आकडे मी उघडले होते, वरची वेळेची ओळ स्क्रीनबाहेर सरकवून. तिला तीन सेकंद लागले असतील.

"एकच जागा तीनशे वेळा मोजली मी," ती हळूच म्हणाली. मग अकरा फुगलेल्यांवर बोट ठेवलं. "आणि हे?"

"रिपोर्ट छापणारा. कधी बंदच नाही केली."

"ह्यांना आधी काढ." आणि ती डॉक्टरांकडे वळली. "सर, माझी चूक. तुम्ही खारघरला फ्लॅट घेतलात तेव्हा बिल्डरने सुपर बिल्ट-अप सांगितला ना? त्यात जिना, लॉबी, गच्ची, वॉचमनची खोली, सगळं तुमच्या नावावर. खरा राहायला कार्पेट किती? मी सगळ्या फ्लॅटवाल्यांचा सुपर बिल्ट-अप धरला आणि म्हटलं, प्लॉट पुरत नाही. हिने कार्पेट मोजलाय."

त्या अवस्थेतही डॉक्टरांना हसू आलं. "बिल्डर कुठले. वाढवा मर्यादा."

मर्यादा वाढवून डेटाबेस पुन्हा सुरू करायला चार मिनिटं लागली. चारही काउंटर चालू झाले. मशीन दिवसभर अर्ध्या मेमरीवर आरामात चाललं. नवं मशीन लागलं नाही, आजही तेच चालतंय. आकडा माझा होता. पण लॅबमध्ये आजही डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला ती कार्पेटची गोष्ट सांगतात, आणि ते वाक्य तिचं आहे.

दहाच्या सुमारास आम्ही दोघी बाहेर टपरीवर चहा घेत उभ्या होतो. तिचा मोबाइल वाजला. "आये, जेवेन मी, टेन्शन नको घेव," ती घरच्या बोलीत म्हणाली आणि फोन ठेवला. मग मला विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

"आज. सकाळी. मर्यादेचं ऐकल्यावर मोजलं."

"हुशार हाय गो तू," ती म्हणाली.

ऑफिसात ती असं कधी बोलत नसे. हे 'हाय गो' फक्त घरच्या माणसांसाठी होतं. पाच वर्षं मी ते दुरून ऐकत आले होते आणि ते माझ्या वाट्याला कधी येईल याची नकळत वाट बघत होते. आलं ते असं.

घटनेचा अहवाल हर्षालीनेच लिहिला. चूक कुणाची, या रकान्यात तिने स्वतःचं नाव घातलं. दुरुस्ती कुणाची, तिथे माझं. इंग्रजी तपासायला माझ्याकडे पाठवला नाही. मी तो धास्तीने उघडला. माझ्या मोजणीची फाइल मागे जोडलेली होती, पण वेळेची पहिली ओळ त्यात नव्हती. घाईत कॉपी करताना सुटली असेल, असं मी मानलं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांसोबत बसून जेवले.

लॅबच्या कामाची लीड मी झाले. हर्षालीला नव्या मुलामुलींना शिकवायच्या कामावर हलवलं. तिला दुसऱ्या इमारतीत टेबल मिळालं. तिचा डबा तिकडे गेला. आमच्या मजल्यावर आता जेवायच्या वेळी शांतता असते. मला शांतता आवडते, असं मी पूर्वी म्हणायचे.

ग्राहकांशी आता मी बोलते. बोलावंच लागतं. डॉ. देवस्थळी पहिले काही महिने कॉलच्या शेवटी विचारायचे, "ती दुसरी मुलगी कुठे असते हल्ली? तिला नमस्कार सांगा." मी सांगते म्हणायचे. सांगितला नाही.

गेल्या महिन्यात मोहिते सरांनी मला हर्षालीच्या वर्गात बसायला पाठवलं. नव्या मुलांमधून माझ्या टीमसाठी दोन निवडायची होती. मी शेवटच्या रांगेत बसले. चाळीसएक मुलं. ती आत आली, मला बघितलं, मान किंचित हलवली आणि सुरू झाली. माळा आणि ओटा. कट्टा. सुपर बिल्ट-अप आणि कार्पेट. मुलं हसत होती, लिहून घेत होती. ती पूर्वीपेक्षा चांगलं बोलते. मला कुठलीच क्रियापदं दुरुस्त करावीशी वाटली नाहीत.

मग तिने पडद्यावर एक फाइल लावली. "हे मोजमाप बघा. इतकं स्वच्छ काम मी दुसरं बघितलं नाहीये. चुकीचा आकडा मी दिला होता, बरोबर आकडा तन्वी मॅडमने काढला. त्या मागे बसल्यात." चाळीस माना वळल्या. मी पडद्याकडे बघत होते. फाइल पूर्ण होती. वरच्या ओळीसकट.

"आकडा नंतर वाचायचा," हर्षाली म्हणाली. "आधी वेळ वाचायची. नेहमी."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. चष्मेवाली, धीट. "मॅडम, तुम्ही म्हणालात की सोमवारी लॅब बंद पडली तेव्हा चूक कळली. पण ही फाइल त्याच्या आधीच्या गुरुवारची आहे."

हर्षालीने माझ्याकडे बघितलं नाही. अहवालातली ती ओळ घाईत सुटली नव्हती, तिने काढली होती, हे मला त्या क्षणी कळलं. दोन वर्षं तिला माहीत होतं.

"बरोबर," ती त्या मुलीला म्हणाली. "मोजून ठेवलेलं होतं. विचारायचं माझंच राहिलं. म्हणून तुम्हाला सांगते, आकडा देण्याआधी शेजारच्याला विचारत जा."

मला उठून बोलायला हवं होतं. चाळीस मुलं होती, मी पिशवी आवरत बसले, आणि तास संपला. ती पुढच्या दाराने गेली, मी मागच्या. उतरताना जिन्यात मला काय वाटत होतं ते इथे खरं लिहिते. उपकार वाटला नाही, लाजही नंतर आली. आधी वाटला तो हेवा. हेही तिलाच जमलं.

हा अंक शिरवण्याला हर्षालीच्या घरी दर दिवाळीत जातो. तिची आई आधी वाचते, मग ती. म्हणून काकूंना मी यावेळी हो म्हटलं.

वर्गात जे तिने सांगितलं त्यात एक चूक आहे. तिने विचारलं होतं. माइक बंद करून, माझ्याकडे वळून, माझं नाव घेऊन विचारलं होतं. मी नाही म्हटलं.

मोजणीची वेळ, गुरुवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. मोजणारी, तन्वी.